कान, भाषा आणि जनुक : बहिरेपणाच्या उपचारांचा इतिहास



आजचा विषय आम्ही निवडला नाही, तो घरातूनच आला. पुण्याहून पुतण्याचा फोन आला होता. त्याला मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात बाळाच्या कानांची तपासणी झाली आणि कागदावर ‘रेफर’ असा शेरा आला, म्हणजे पुन्हा तपासा. पुढे बेरा तपासणी झाली, तीही तशीच निघाली. पुतण्या म्हणाला, “काका, चीनमध्ये कानात इंजेक्शन देऊन बहिरी मुलं ऐकायला लागली म्हणे. आपण तेवढं थांबायचं का?”

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. पण घरात शिकलेला म्हातारा असला की प्रश्न त्याच्याकडेच येतात. शिवाय आणखी एक कारण होतं, ते पुतण्या बोलला नाही. आमची धाकटी बहीण, म्हणजे त्याची आत्या, जन्मापासून बहिरी आहे. तेव्हा ‘थांबायचं का’ या दोन शब्दांचं उत्तर शोधताना आम्हाला बराच इतिहास वाचावा लागला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण सहज ‘मूकबधिर’ म्हणतो. जणू ज्याला ऐकू येत नाही त्याला भाषाही नसणार, हे ठरलेलंच. ही समजूत फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने इंद्रियांवरच्या आपल्या छोट्या ग्रंथात लिहिलं आहे की जन्मांध माणूस जन्मबधिरापेक्षा अधिक बुद्धिमान असतो, कारण शिकणं शब्दांतून होतं आणि शब्द कानावाटे येतात. आपल्याकडे बृहदारण्यकात ज्ञानाची पहिली पायरी कोणती? श्रवण. मग मनन, मग निदिध्यासन. हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठीक आहे, पण तीच समजूत वाटणीपत्रात शिरली की काय होतं पाहा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारशाचा हिस्सा ज्यांना मिळू नये अशांची यादी आहे. तीत जन्मांध आहे आणि बधिरही आहे. त्याला पोसायचं, पण वाटा द्यायचा नाही. हा अपवाद कायद्याने दूर व्हायला १९२८ साल उजाडावं लागलं. हिंदू वारशातल्या अपात्रता दूर करणारा कायदा त्या वर्षी झाला. कान नाही म्हणून भाषा नाही, भाषा नाही म्हणून बुद्धी नाही आणि बुद्धी नाही म्हणून वाटा नाही. ही साखळी लक्षात ठेवा, पुढे ती वेगवेगळ्या वेषांत भेटणार आहे.

आता १८८० सालात या. सप्टेंबर महिना, इटलीतलं मिलान शहर. बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. परिषदेने ठराव केला की मुलांना ओठ वाचून बोलायलाच शिकवावं. खुणांपेक्षा वाणी श्रेष्ठ, आणि दोन्ही एकत्र वापरल्या तर वाणी बिघडते. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. या ठरावानंतर अनेक देशांतल्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली, बहिरे शिक्षक नोकऱ्यांना मुकले. आपल्याकडे मूकबधिरांची पहिली मानली जाणारी शाळा मुंबईत त्याच दशकात, बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. मिलानचा वारा तेव्हा ताजा होता, आणि भारतातल्या शाळांतून तो पुढे फार काळ वाहत राहिला.

किती काळ, ते आम्ही स्वतः पाहिलं आहे. साठच्या दशकात वडिलांनी बहिणीला एका शहरातल्या शाळेत घातलं. शाळेचं नाव सांगत नाही, त्या काळात बहुतेक शाळा तशाच होत्या. तोवर घरात आईच्या आणि तिच्या मिळून पाचपन्नास खुणा तयार झाल्या होत्या. मीठ म्हणजे चिमूट, वडील म्हणजे मिशीला पीळ, गाय म्हणजे कपाळाशी दोन बोटं. दिवाळीला ती घरी आली तेव्हा वडिलांना शाळेतून निरोप होता : घरी खुणा बंद करा, नाहीतर ती बोलायची नाही. वर्गात मुलांना हात मांडीखाली घेऊन बसवत. वडील शिस्तीचे. त्यांनी ते पाळलं, आणि आम्ही भावांनीही पाळलं. जेवताना तिने चिमूट दाखवली की आम्ही तिचा हात धरून खाली ठेवायचो आणि म्हणायचो, “म्हण, मीठ.” शेवटी तिला थोडे शब्द आले. ते आम्हाला कळत, बाहेरच्यांना कळत नसत. खुणा मात्र गेल्या त्या गेल्याच.

मिलानचे ठराव शिक्षकांच्या त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० साली व्हँकुव्हरला फेटाळले आणि झाल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी.

आता आनुवंशिकतेकडे वळू. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल सगळ्यांना माहीत आहेत. त्यांची आई बहिरी होती, पत्नीही बहिरी होती, आणि त्यांनी आयुष्यभर बहिऱ्यांच्या शिक्षणाचं काम केलं. १८८३ साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं की बहिऱ्यांच्या वेगळ्या वसतिगृही शाळा आहेत, वेगळी भाषा आहे, म्हणून ते एकमेकांशी लग्नं करतात, आणि त्यातून मानवजातीचा एक बहिरा वाणच तयार होईल. लग्नावर कायद्याने बंदी घालणं त्यांना व्यवहार्य वाटलं नाही. पण अशा शाळा, खुणांची भाषा आणि बहिरे शिक्षक या गोष्टी बंद कराव्यात, असं त्यांनी सुचवलं.

गंमत अशी की बेल यांनी अमेरिकेतल्याच मार्थाज व्हिनयार्ड या बेटाचा अभ्यास केला होता. एकोणिसाव्या शतकात तिथे दर १५५ माणसांमागे एक जन्मतः बहिरा होता. सगळ्या अमेरिकेचं प्रमाण सुमारे ५,७०० मागे एक असं होतं. ऐकू येणाऱ्या आईबापांना बहिरी मुलं का होतात, हे कोडं बेल यांना सुटलं नाही. मेंडेलचं वाटाण्यावरचं संशोधन १८६६ सालीच छापून आलं होतं, पण जगाने त्याची दखल १९०० साली घेतली. दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आला तरच बहिरेपण दिसतं, एका बाजूने आला तर तो गुपचूप पुढे जातो, हे बेल यांना कुठून कळणार? नोरा ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली या बेटावर पुस्तक लिहिलं. त्यातून जगाला कळलं की तिथे ऐकू येणारे लोकही लहानपणापासून खुणांची भाषा बोलत. बहिरे मासेमारी करत, शेती करत, गावच्या कारभारात भाग घेत. बहिरेपण तिथे होतं, पण त्याचं मुकेपण होत नव्हतं.

बेल यांची भीती आकड्यांनीही खरी ठरली नाही. १८९८ साली एडवर्ड फे यांनी बहिऱ्यांच्या ४,४७१ विवाहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घरांतली बहुतेक मुलं ऐकू येणारी निघाली. पण भीतीला आकडे समजत नाहीत. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्याच्या यादीत आनुवंशिक बहिरेपण होतं. हजारो बहिऱ्या स्त्रीपुरुषांवर ती शस्त्रक्रिया झाली. म्हणजे आनुवंशिकता ही कल्पना बहिऱ्यांच्या दारात प्रथम आली ती औषध घेऊन नाही, वॉरंट घेऊन आली. आज एखाद्या बहिऱ्या माणसाने ‘जनुकीय उपचार’ हे शब्द ऐकून कपाळाला आठी घातली, तर त्यामागे हा इतिहास आहे.

त्याच वेळी कानाचं यंत्रही समजत होतं. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे १६,००० केसपेशी असतात. त्यातल्या साधारण ३,५०० आतल्या ओळीत. आवाजाच्या लाटेने या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि पेशी मज्जातंतूला निरोप देते. पक्ष्यांत या पेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसात उगवत नाहीत. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच.

पेशी निकामी असतील तर त्यांना वगळून थेट मज्जातंतूला वीज द्यावी, ही कल्पना १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी प्रथम करून पाहिली. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाऊस यांनी १९६१ साली, आणि मेलबर्नला ग्रॅहम क्लार्क यांनी १९७८ साली तिला पुढे नेलं. हेच आजचं कॉक्लिअर इम्प्लांट. १९९० साली अमेरिकेत ते लहान मुलांसाठी मंजूर झालं, आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला विरोध केला. बाळाला विचारल्याशिवाय त्याच्या डोक्यात यंत्र बसवणारे तुम्ही कोण, असा तो प्रश्न होता. २००० साली संघटनेने भूमिका बरीच मवाळ केली. आपल्याकडे मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया रुजवली, वांद्र्याच्या अलि यावर जंग संस्थेने प्रशिक्षणाचा पाया घातला, आणि पुढे सरकारी योजनांतून गरिबांच्या मुलांनाही ते मिळू लागलं. इम्प्लांटने हजारो घरांत आवाज पोचवला, यात शंका नाही. पण तो दुरुस्त केलेला कान नव्हे, तो वळसा घालून काढलेला रस्ता आहे.

मूळ कारणालाच हात घालता येईल का? इथे जनुकीय उपचाराची गोष्ट सुरू होते, आणि ती सरळ रेषेत गेलेली नाही. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारासाठी पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला. मोठ्या आशा निर्माण झाल्या. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १९९९ मध्ये, फिलाडेल्फियात यकृताच्या एका विकारावरच्या प्रयोगात अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर हा मुलगा मरण पावला. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूविरुद्ध त्याचं शरीर पेटून उठलं होतं. त्यानंतर फ्रान्समध्ये अशाच उपचाराने बऱ्या झालेल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. ही विद्या जवळपास थांबलीच.

त्याच १९९९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत क्रिस्टीन पेती यांच्या प्रयोगशाळेने बहिरेपणाशी संबंधित एक जनुक शोधला. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला नाव दिलं ओटोफर्लिन. पुढे कळलं की केसपेशीतून मज्जातंतूकडे निरोप सुटतो त्या टोकाला हे प्रथिन काम करतं. ते नसेल तर काय होतं? केसपेशी जिवंत असते, आवाजाने हलतेही, पण निरोप सुटत नाही. पोस्टमन आहे, पत्र आहे, पण पेटीचं कुलूप उघडत नाही. संशोधकांचं लक्ष या जनुकाकडे गेलं ते याचसाठी. जन्मजात आनुवंशिक बहिरेपणात याचा वाटा मोजक्या टक्क्यांचा, पण इथे घर शाबूत आहे, फक्त एक किल्ली द्यायची आहे.

किल्ली नेणार कोण? आता वापरात आला होता एएव्ही नावाचा, तुलनेने निरुपद्रवी विषाणू. त्याच्या पिशवीत जनुकाची जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. ओटोफर्लिनचा मजकूर सुमारे ६,००० अक्षरांचा. एका पोस्टकार्डावर पत्र मावत नसेल तर आपण काय करतो? दोन पोस्टकार्डं टाकतो. तसंच केलं. मजकुराचे दोन तुकडे दोन विषाणूंत घातले. दोन्ही एकाच पेशीत पोचले की पेशी ते जोडून घेते. २०१२ साली दुसऱ्या एका जनुकावर बहिऱ्या उंदरांत हा मार्ग यशस्वी झाला होता. २०१९ साली दोन पोस्टकार्डांची युक्ती ओटोफर्लिन नसलेल्या उंदरांत लागू पडली.

डिसेंबर २०२२ मध्ये शांघायच्या फूदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयात, शू यीलाय यांच्या नेतृत्वाखाली, पहिल्या मुलाच्या आतल्या कानात हे औषध सोडलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सहा मुलं, प्रत्येकाचा एक कान. आधी ९५ डेसिबलहून मोठा आवाजही नोंदला जात नव्हता. सव्वीस आठवड्यांनी सहापैकी पाच मुलांत ४० ते ५७ डेसिबलची सुधारणा दिसली. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, म्हणजे ही मुलं बोलणं ऐकू लागली. एकाला फायदा झाला नाही. त्याच वर्षी दोन्ही कानांवरच्या उपचाराचे निष्कर्ष आले, आणि केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयातून एका छोट्या मुलीची बातमी आली. २०२५ साली चीन आणि स्वीडनच्या संशोधकांनी १ ते २४ वर्षं वयाच्या दहा जणांचे निष्कर्ष दिले. दहाही जणांत सुधारणा होती, सरासरी १०६ डेसिबलवरून ५२ वर.

पुतण्याने ऐकली ती बातमी ही. बातमी खरी आहे. आम्हालाही वाचताना भरून आलं, हे कबूल करतो.

पण जानेवारी २०२४ मध्येच आणखी एक घटना जाहीर झाली, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. शहर तेच, फिलाडेल्फिया. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात अकरा वर्षांच्या एका मुलावर हाच उपचार झाला होता. तो मोरोक्कोत जन्मला, पुढे कुटुंब स्पेनमध्ये आलं. उपचारानंतर त्याला वडिलांचा आवाज ऐकू आला, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. पण तो कदाचित कधीच बोलू शकणार नाही, असं त्याच वेळी सांगितलं गेलं. मेंदूत भाषा रुजते ती पहिल्या काही वर्षांत. ती खिडकी मिटल्यावर आवाज आत येतो, पण त्याचं वाक्य होत नाही. त्याची लहानपणीची वर्षं घरच्यांबरोबर बनवलेल्या खुणांवर गेली होती. आमच्या आईच्या चिमटीसारख्याच.

मित्रहो, आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा निचोड इथे आहे. कान अकराव्या वर्षी उघडता येतो, चोविसाव्या वर्षीही थोडाफार उघडता येतो. भाषेचं तसं नाही. ॲरिस्टॉटलची चूक ही होती की त्याने कान आणि भाषा एकच धरली. मिलानवाल्यांनी तीच चूक पुन्हा केली, वाणी येईपर्यंत भाषा रोखून धरली. आज एखादा बाप ‘इंजेक्शन येईपर्यंत थांबू’ म्हणतो तेव्हा, अगदी प्रेमापोटी, तीच चूक तिसऱ्यांदा होते.

उपचाराच्या मर्यादाही पाहून घ्या. बहिरेपणाशी संबंधित शंभराहून अधिक जनुकं आहेत, ओटोफर्लिन त्यातलं एक. भारतात जास्त आढळतं ते कनेक्सिन-२६ नावाच्या प्रथिनाचं जनुक, ज्याचा बहिरेपणाशी संबंध १९९७ साली कळला. तिथे बिघाड केसपेशींच्या आधारपेशींत असतो आणि रचना लवकर कोलमडते. ओटोफर्लिनसारखं यश तिथे अजून हाती नाही. प्रतिबंधाच्या बाजूनेही प्रयत्न आहेत. एका जनुकातल्या दोषाने हळूहळू बहिरे होणाऱ्या उंदरांचा एक वाण आहे, त्याला शास्त्रज्ञांनी बेथोव्हेन असं नाव दिलं. २०१८ साली अशा उंदरांच्या पिल्लांत सदोष प्रत कापून निकामी केली, आणि उपचार झालेल्या कानांत केसपेशी बऱ्याच टिकल्या. ऐकणं जाण्याआधीच ते राखणं, ही पुढची दिशा. पण ती उंदरांतली गोष्ट आहे. आणि किंमत? फिलाडेल्फियातच विकसित झालेलं, अंधत्वावरचं जनुकीय औषध २०१७ साली मंजूर झालं. दोन डोळ्यांची किंमत ८,५०,००० डॉलर ठेवली होती.

जम्मूच्या डोडा जिल्ह्यात डोंगरावर धडकाई नावाचं गुज्जरांचं गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी बहिरी मुलं जन्मतात, आणि गावाची स्वतःची खुणांची बोली आहे. २०१७ साली भारतीय संशोधकांनी तिथल्या बहिरेपणाची कारणं दाखवून दिली. तीन जनुकं सापडली, त्यातलं एक ओटोफर्लिन. म्हणजे शांघायमध्ये ज्या कुलपाची किल्ली बनली, ते कुलूप आपल्या या डोंगरातही आहे. ती किल्ली तिथे कधी पोचेल, आणि पोचेपर्यंत त्या खुणांच्या बोलीला शाळेत जागा मिळेल की मांडीखाली, हे विज्ञान ठरवणार नाही. ते आपण ठरवणार आहोत.

आता पुतण्याला आम्ही काय सांगितलं? एक, जनुकांची तपासणी करून घे, म्हणजे कशाची वाट पाहायची ते तरी कळेल. तपासणीबाबत एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. ओटोफर्लिनच्या मुलांत बाहेरच्या केसपेशी शाबूत असल्याने नवजात बाळाची ओएई ही सोपी चाचणी ‘पास’ येऊ शकते, दोष बेरा तपासणीत कळतो. तेव्हा ‘पास’ आलं तरी मूल हाकेला वळत नसेल, तर बेरा करून घ्या. दोन, थांबू नको. इम्प्लांटबद्दल डॉक्टर सांगतील ते वेळेत कर. तीन, काही झालं तरी आजपासून खुणा शिका, सगळं घर शिका. खुणांमुळे बोलणं अडतं ही समजूत आता मागे पडली आहे. भाषा कुठल्याही दाराने आत आली तरी ती भाषाच असते.

तपासणीचा निकाल आला. कनेक्सिन. शांघायची किल्ली आमच्या कुलपाला लागत नाही. पुतण्या दोन दिवस बोलला नाही. मग त्याने आपणहून फोन केला आणि इम्प्लांटची तारीख सांगितली. बहिणीतही बहुधा हाच दोष असावा. तिची तपासणी करायची का, असं आम्ही विचारलं. तिने हात उघडून हलवला : कशाला?

बाळाचं इम्प्लांट तिच्या पहिल्या वाढदिवसानंतर झालं. आता ती हाकेला वळते. घरात भारतीय सांकेतिक भाषेचे धडे मोबाईलवर चालतात. गेल्या दिवाळीला सगळे गावी आले होते. पंगतीत पोरीने आमच्या बहिणीकडे पाहून भाताची खूण केली. बहिणीचे हात आधी मांडीखाली गेले. सत्तरी ओलांडलेली बाई, पण सवय गेली नव्हती. मग तिने हात बाहेर काढले आणि पोरीला चिमूट करून दाखवली. मीठ. ती खूण आम्ही साठ वर्षांनी पाहिली.

बाळाला विचारून कुणी उपचार करत नाही, करताही येत नाही. निर्णय मोठ्यांनाच घ्यावा लागतो. पण मोठी झाल्यावर ती आपल्याला जाब विचारू शकेल एवढी भाषा तिच्याजवळ असावी, याची सोय आपण आजच करू शकतो. आमच्या बहिणीने आम्हाला कधी जाब विचारला नाही. विचारायला तिच्याजवळ शब्द नव्हते, आणि हात आम्ही धरले होते.

इथे थांबतो. आपले प्रश्न असतील तर जरूर विचारा.